नंबरपॅडचा एंटर आणि मधला मोठा एंटर: वापरणाऱ्याच्या लेखी ही दोन बटणं की एकच?

बिलवाला_सोलापूर · सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात कारखान्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. एकटाच आहे. गिऱ्हाईक म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टेरी टॉवेलवाले आणि चाटी गल्लीतले दोन कापड व्यापारी. प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालतो. प्रश्न बटणांचा आहे, पण जरा लांबून सांगतो, नाहीतर काय झालं ते नीट कळणार नाही.

बिलाच्या तक्त्यात पाच रकाने आहेत: माल, साइज, गाठी, डझन, दर. मी असं ठेवलं होतं की नंबरपॅडवरचा एंटर मारला की पुढच्या रकान्यात जायचं आणि मधला मोठा एंटर मारला की बिल सेव्ह व्हायचं. हिशेब असा केला होता की आकडे भरताना उजवा हात नंबरपॅडवरच असतो, तेव्हा तिथला एंटर येता-जाता लागणाऱ्या कामाला. मोठा एंटर त्या हाताला लांब पडतो, तेव्हा तो शेवटच्या पक्क्या कामाला. दोन बटणं, दोन जागा, दोन कामं. मी स्वतः शंभरेक बिलं भरून बघितली, एकदाही चुकलं नाही.

मागच्या गुरुवारी एका कारखान्यात हैदराबादची गाडी लागली होती. तिथले दिवाणजी ३१ वर्षं हिशेब सांभाळतात. त्यांची पद्धत अशी, की डाव्या हाताचं बोट गोडाऊनच्या चिठ्ठीवर ओळीओळीने खाली सरकतं, उजवा हात नंबरपॅडवर चालतो आणि नजर चिठ्ठीवरून हलत नाही. स्क्रीनकडे ते शेवटी एकदा बघतात. बिल सहा ओळींचं होतं, ११ गाठींचं. सेव्ह झालं दोन ओळींचं, ३ गाठींचं. माल गाडीने पाठवायला लागतं ते ई-वे बिलही त्यावरच निघालं. गेटवर गाठी मोजताना कळलं. ई-वे बिल २४ तासांच्या आत रद्द करता येतं म्हणून कागदोपत्री निभावलं, पण गाडी तीन तास उभी राहिली आणि मालकांनी दिवाणजींना हमालांसमोर सुनावलं. ते मला फार लागलं आहे. इतकी वर्षं ज्यांच्या हिशेबात कोणी बोट ठेवलं नाही, त्यांना माझ्या स्क्रीनपायी मान खाली घालावी लागली.

दुसरी गोष्ट अजून उलगडलेली नाही. माझ्या तक्त्यात ओळीवर उभं राहून डिलीट मारलं की अख्खी ओळ जाते. याच दिवाणजींच्या बिलातून महिन्याभरात तीनदा ओळ गायब झाली. त्यांचं म्हणणं एकच, “डिलीटला मी हातच लावला नाही ओ.” माझ्या नोंदीत मात्र तिन्ही वेळा ओळ जाण्याचं कारण ‘डिलीट’ असंच पडलंय. वर त्यांची आणखी एक तक्रार आहे, की त्यांनी दर बदलला तरी तो जुनाच राहतो. त्या माणसाला खोटं बोलायचं काही कारण नाही, आणि नोंद मीच लिहिलेली आहे.

तिसरं लहान आहे. मालकांचा मुलगा मॅकवर काम करतो. त्याला फोनवर “डिलीट दाबा म्हणजे ओळ जाईल” म्हटलं, तर त्याच्याकडे एकेक अक्षर मागे पुसलं जातं.

तर विचारायचं असं, की एकमेकांसारखी बटणं लोक डोक्यात कशी धरतात? दोन एंटर त्यांना दोन वाटतात का? बॅकस्पेस आणि डिलीट? आणि आपण कामं वाटताना कशाच्या आधाराने वाटायची?

टंकलेखन_वर्ग · सोमवार, रात्री ११:२५

भाऊ, मी ३० वर्षं टायपिंग शिकवते. आधी मशीनवर, आता संगणकावर. तुमचं सॉफ्टवेअर पाहिलेलं नाही, पण दिवाणजींचा हात मला इथूनही दिसतोय.

एक सांगा, तिसऱ्या ओळीला मालाचं नाव अक्षरांनी लिहायचं होतं का? तुमच्या यादीत नसलेला एखादा माल? असणारच. अक्षरं टाइप करायला त्यांचा उजवा हात नंबरपॅड सोडून मधे आला असेल. नाव लिहून झालं की करंगळी आपोआप शेजारच्या एंटरवर जाते, आणि तिथून शेजारचा म्हणजे मधला मोठा. त्यांच्या मनात ‘नाव झालं, पुढे चला’ एवढंच होतं. तुमच्या प्रोग्रामने ऐकलं ‘बिल झालं’.

माणूस ‘मोठा एंटर मारतो’ किंवा ‘लहान एंटर मारतो’ असं म्हणतच नाही. तो एंटर मारतो, आणि हात त्या क्षणी जिथे असेल तिथला लागतो. तुम्ही बिलं भरून बघितलीत तेव्हा नियम तुमच्या डोक्यात ताजा होता आणि तुम्ही बटणाकडे बघत होतात. दिवाणजी चिठ्ठीकडे बघतात.

कळीवरचं नाव तर बोटाखाली झाकलेलंच असतं. बोटांना वाचता येतात त्या खुणा दोनच: एफ आणि जे वरची उंच रेघ, आणि नंबरपॅडच्या ५ वरचा उंचवटा. माझ्या वर्गात अक्षरं झिजून कोरे झालेले कीबोर्ड आहेत. मराठी ३० च्या परीक्षेला बसणारी मुलं त्यांवरही तितक्याच वेगाने टाइप करतात. नवीन मूल पहिले आठ दिवस नावं वाचतं, नंतर नाही.

आता मशीनचं सांगते, कारण सवयी तिथून चालत आल्या आहेत. मशीनला डाव्या बाजूला दांडा असायचा. ओळ संपत आली की घंटी वाजायची, दांडा ढकलला की कॅरेज सुरुवातीला यायचं आणि कागद एक ओळ वर सरकायचा. त्या दांड्याचा अर्थ एकच, ही ओळ झाली, पुढची घ्या. कागद मशीनमधून काढणं ही वेगळी क्रिया होती, त्यासाठी रोलरची मूठ फिरवावी लागायची. ओळ संपवणं आणि काम संपवणं हाताला कधीच एकसारखं लागलं नाही, म्हणून त्यात घोटाळाही होत नव्हता. वर्गात संगणक आले त्या वर्षी जुन्या विद्यार्थिनींचा डावा हात ओळीच्या शेवटी हवेत उठायचा. मला तो अजून आठवतो.

मशीनवर बॅकस्पेसने काहीच पुसलं जात नव्हतं. कॅरेज एक घर मागे यायचं, बस. शब्दाखाली रेघ मारायची असेल तर आम्ही बॅकस्पेसने मागे येऊन रेघ मारत जायचो. पुसायला खोडरबर किंवा पांढरी पट्टी लागायची. म्हणून माझ्या वयाच्या टायपिस्टला बॅकस्पेस म्हणजे ‘मागे जा’ वाटतं, ‘पुसून टाक’ नव्हे. नवीन मुलांचं नेमकं उलट.

आणि मराठीत बॅकस्पेस व डिलीट यांच्यात जो फरक पडतो तो कोणी समजावूनच सांगत नाही. ‘कि’ लिहा. त्याच्या पुढे उभं राहून बॅकस्पेस मारा, बहुतेक प्रोग्राममध्ये नुसती वेलांटी जाते आणि ‘क’ उरतो. आता ‘कि’च्या अलीकडे उभं राहून डिलीट मारा, अख्खा ‘कि’ जातो. इंग्रजीत दोन्हींनी एकेकच अक्षर जातं, म्हणून बनवणाऱ्यांना हा फरक खटकत नसावा. माझ्या मुलींना वेलांटी दुरुस्त करायची असते तेव्हा त्या डिलीट मारतात आणि अक्षरच गेलं की घाबरतात. ज्यांचे पक्षकार, गिऱ्हाईक, विद्यार्थी मराठी लिहितात त्यांनी हे आधी स्वतः करून बघावं.

हुतात्मा_एक्सप्रेस · मंगळवार, सकाळी ८:०५

घर जुळे सोलापुरात, नोकरी पुण्यात, काम हेच. बाईंनी वर मूळ पकडलंय, मी यंत्राची बाजू सांगतो.

ब्राउझरला ‘कोणती की’ असं विचारलं, तर दोन्ही बटणांचं उत्तर ‘एंटर’ येतं. जुना आकडाही दोघांचा एकच, १३. फरक हवा असेल तर ‘कोड’ विचारावा लागतो, मग एकाचं ‘एंटर’ आणि दुसऱ्याचं ‘नमपॅड-एंटर’ मिळतं. किंवा ‘लोकेशन’ विचारावं लागतं, नंबरपॅडचं ३ येतं. विंडोजमध्येही दोघांना एकच सांकेतिक क्रमांक आहे, वेगळेपणाची खूण आत एका कोपऱ्यात ठेवलेली आहे. म्हणजे खालपासून वरपर्यंत सगळ्यांनी ‘हे एकच’ असं धरलेलं असताना तुम्ही आत जाऊन तो फरक शोधून काढलात आणि त्यावर बिल टांगलंत. तुमच्या दिवाणजींना याआधी भेटलेल्या जवळपास प्रत्येक प्रोग्रामने दोन्ही एंटर एक आहेत असंच शिकवलेलं असणार.

तरी तुमची शंका अगदीच निराधार नाही, कारण एकेकाळी ही खरंच दोन बटणं होती. आयबीएमचा ३२७० टर्मिनल, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेला स्क्रीन आणि कीबोर्ड, १९७१चा. त्यावर सगळा स्क्रीन भरून झाल्यावर एंटर मारला की तो मोठ्या संगणकाकडे रवाना व्हायचा, आणि नुसतं पुढच्या ओळीवर जायला वेगळं बटण होतं. टाइपरायटरच्या दांड्याचा वारस म्हणजे रिटर्न, आणि ‘घ्या, माझं झालं’ म्हणणारा तो एंटर. पीसीवर दोन्ही कामं एकाच बटणात आली आणि तिथून हा गोंधळ सगळ्यांच्या वाट्याला आला. मॅकच्या मोठ्या कीबोर्डवर आजही मधल्या बटणावर रिटर्न आणि नंबरपॅडच्या बटणावर एंटर लिहिलेलं असतं.

वेबवर आणखी एक सापळा आहे. फॉर्मच्या एका ओळीच्या रकान्यात एंटर मारला की ब्राउझर स्वतःहून पहिलं सबमिटचं बटण दाबल्यासारखं करतो. तुम्ही काहीही लिहिलं नसतं तरी एंटरने फॉर्म गेलाच असता. शिवाय लहान लॅपटॉपला नंबरपॅडच नसतं. तुमच्या नियमाने त्यावर रकाना पुढे सरकणारच नाही, पहिल्याच एंटरला बिल सेव्ह.

बॅकस्पेस-डिलीटचं मूळ तर तुम्हा सोलापूरकरांना लगेच कळेल. १९६३ साली अक्षरांना क्रमांक देणारा आस्की संकेत आला, त्यात बॅकस्पेसचा क्रमांक ८ आणि डिलीटचा १२७. मधे एवढं अंतर का? तेव्हा मजकूर कागदी पट्टीवर भोकं पाडून ठेवत. आस्कीच्या एका अक्षराला सात जागा. पडलेलं भोक बुजवता येत नाही, पण सातही जागी भोकं पाडून टाकली की आधी तिथे काय होतं ते मिटतं. सातही भोकं म्हणजेच १२७. वाचणारं यंत्र तसली आडवी रांग दिसली की सोडून पुढे जायचं. चूक झाली की आधी पट्टी एक घर मागे घ्यायची, मग सातही भोकं पाडायची. मागे येणं हे एक पाऊल, खोडणं हे दुसरं, आणि दुरुस्ती दोन्ही मिळून. आज दोन्ही बटणं स्वतंत्रपणे पुसतात, एक मागचं आणि एक पुढचं, पण नावं त्या जुन्या दोन पावलांचीच राहिली. मॅकवर ‘डिलीट’ लिहिलेलं बटण मागचं अक्षर पुसतं, पुढचं पुसायला सोबत एफएन धरावं लागतं. मालकांच्या मुलाचं तेच झालं.

सारख्या बटणाला दुसरं मोठं काम दिलं की काय होतं ते क्रोमने भोगलंय. पूर्वी बॅकस्पेस मारला की क्रोम आधीच्या पानावर जायचा. लोकांना वाटायचं आपण रकान्यात आहोत, पुसायला बॅकस्पेस मारायचे आणि भरलेला फॉर्म हातचा जायचा. २०१६ साली ५२व्या आवृत्तीत त्यांनी ते काढून टाकलं.

माझं मत सरळ आहे. सारखी बटणं, सारखं काम. अपवाद नको.

डीटीपी_साखरपेठ · मंगळवार, दुपारी १:५०

अपवाद नको हे मला पटलं नाही. आम्ही लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं काम करतो. फोटोशॉपमध्ये मजकूर लिहिताना मधला एंटर मारला की नवी ओळ, नंबरपॅडचा मारला की मजकूर पक्का. दिवसातून दोनशे वेळा मी तो वापरत असेन. काढून टाकला तर माझं काम अडेल. पत्रिकेवर ‘निमंत्रक’खाली दहा नावं एकाखाली एक येतात, प्रत्येक नावाला मधला एंटर, शेवटी एकदा नंबरपॅडचा. हाताला पक्कं बसलंय.

पण एक फरक आहे तो सांगतो. माझा एंटर चुकला तर काय होतं? एक रिकामी ओळ वाढते, ती पुसली. किंवा मजकूर लवकर पक्का होतो, त्यावर दोनदा क्लिक केलं की परत उघडतो. चुकीची किंमत एक सेकंद. तुमच्या दिवाणजींचा एंटर चुकला तर गाडी उभी राहते. मी दिवसभर स्क्रीनकडेच बघत असतो, त्यामुळे चूक झाल्या क्षणी दिसते. ते चिठ्ठीकडे बघतात, त्यांना गेटवर दिसली.

म्हणून माझं म्हणणं, दोन बटणांना वेगळी कामं द्या की, पण चुकीचं बसलं तर तिथल्या तिथे उलटवता आलं पाहिजे आणि चुकलेलं दिसलं पाहिजे. नसेल तर देऊ नका.

टॅलीवाली_नवीपेठ · मंगळवार, संध्याकाळी ७:१५

मी नवी पेठेत चार दुकानांचे हिशेब लिहिते. तुमच्या गायब ओळीचं मला वाटतं कळलंय. आधी तीन गोष्टी सांगा. ओळ गेली तेव्हा दिवाणजी दर दुरुस्त करत होते का? दरात पॉइंट होता का? आणि गेलेली ओळ दुरुस्तीच्या ओळीची होती की तिच्या खालची?

खालची असेल तर नम लॉक बंद होता.

नम लॉक बंद असला की नंबरपॅडचे आकडे आकडे राहत नाहीत. ७ होम होतो, १ एंड, ८ वर, २ खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे, ० इन्सर्ट. ५ काहीच करत नाही. आणि पॉइंट होतो डिलीट. बटणावर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही.

समजा त्यांना दर ११२.५० करायचा आहे. ते न बघता मारतात: एक, एक, दोन, पॉइंट, पाच, शून्य, एंटर. तुमच्या तक्त्याला मिळतं: एंड, एंड, खाली, डिलीट, काही नाही, इन्सर्ट, एंटर. दर जुना तो जुनाच. कर्सर खालच्या ओळीवर गेला आणि ती ओळ उडाली. दिवाणजी खरं सांगतायत, त्यांनी डिलीटला हात लावला नाही. त्यांनी पॉइंट दिला. दर बदलला नाही ही तक्रार आणि ओळ गेली ही तक्रार तुम्ही दोन धरल्यात, ती एकच आहे.

नम लॉक बंद कसा होतो म्हणाल, तर आमच्या एका दुकानात रोज सकाळी फडक्याने कीबोर्ड पुसतात आणि नम लॉक तर नंबरपॅडच्या अगदी कोपऱ्यात आहे. टॉवेलच्या कारखान्यात कापसाचे तंतू बसतात, तिथे तर पुसावंच लागत असणार.

आणखी एक. या वयाचे हिशेबनीस टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामवर तयार झालेले असतात. टॅलीत एंटर म्हणजे पुढे, मग तो कुठलाही असो. रिकाम्या रकान्यात बॅकस्पेस म्हणजे मागच्या रकान्यात. व्हाउचरमधली ओळ काढायला कंट्रोल-डी. सगळं स्वीकारायला कंट्रोल-ए, आणि एंटर मारत शेवटपर्यंत गेलात तर ते आधी विचारतं, घ्यायचं का? तुम्ही नवीन शिकवायला जाऊ नका, त्यांच्या हातात आधीच आहे ते वापरा. टॅब त्यांना सांगू नका. एक्सेलवाली पोरं टॅबने उजवीकडे जातात, हिशेबनीस नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस · मंगळवार, रात्री ९:३०

ताई, तुमचा उलगडा बरोबर आहे, आत्ता करून बघितला. नम लॉक बंद करून पॉइंट मारला की ब्राउझर ‘की’मध्ये चक्क ‘डिलीट’ सांगतो. ‘कोड’ विचारला तर ‘नमपॅड-डेसिमल’ येतो, म्हणजे बोट कुठे पडलं ते त्यातच कळतं. नोंदीत दोन्ही ठेवले असते तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं. बिलवाले, नोंदीत कोडही घ्या.

आणि सरसकट ‘अपवाद नको’ म्हणालो ते मागे घेतो. डीटीपीवाल्यांचा मुद्दा जास्त नेमका आहे.

बिलवाला_सोलापूर · शुक्रवार, रात्री ११:१०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बुधवारी आणि गुरुवारी सकाळी दिवाणजींच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. काही सांगायचं नाही, फक्त बघायचं असं ठरवून. एकूण १४ बिलं झाली.

बाई, तुमचं तंतोतंत बरोबर निघालं. त्या दिवशी तिसरी ओळ ‘नॅपकिन जकार्ड बॉर्डर’ अशी होती, ती यादीत नव्हती. मी समोर बघितलं: नाव टाइप करायला हात मधे येतो आणि शेवटचं अक्षर पडायच्या आतच करंगळी मोठ्या एंटरकडे निघालेली असते. आकड्यांच्या रकान्यात ते कधीच मोठ्या एंटरला शिवत नाहीत, नावाच्या रकान्यात कधीच नंबरपॅडच्या एंटरला नाही. एकदाही अपवाद दिसला नाही. मी म्हटलं, “दिवाणजी, तुम्ही एंटर कुठला मारता?” त्यांनी हात थांबवला, कीबोर्डकडे बघितलं आणि म्हणाले, “दोन आहेत होय?” ३१ वर्षांत त्यांना तो प्रश्न पडलाच नव्हता, आणि पडायचं कारणही नव्हतं.

ताई, नम लॉकचंही तसंच. सकाळी नऊला टेबल पुसणारा मुलगा टॉवेलच्या तुकड्याने कीबोर्ड पुसतो, वरून खाली, उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात. बुधवारी मी बसलेलो असतानाच नम लॉक बंद झाला. दिवा आहे, पण त्यावर जुनं स्टिकर चिकटलंय. दिवाणजींनी पहिल्या बिलात ‘४८’ मारलं, काही उमटलं नाही, त्यांनी दोन-तीन बटणं दाबली, मग नम लॉक लावला. नवीन बिलात असं लगेच लक्षात येतं, रकाना रिकामा दिसतो. दुरुस्तीच्या वेळी रकान्यात आधीचा आकडा असतोच, तेव्हा कळत नाही. तिन्ही गायब ओळी दुरुस्तीतल्याच होत्या. तिन्ही वेळा दरात पॉइंट. मी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन हे सगळं त्यांच्यासमोर बटणं दाबून दाखवलं, दिवाणजींना सोबत घेऊन. ज्यांच्याकडून त्यांना बोलणं बसलं होतं त्यांच्यासमोरच ते निघायला हवं होतं.

पट्टीवरच्या भोकांचं वाचून वडील आठवले. ते चादरीच्या जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी ठरवणारी भोकांची कार्डं पाडायचे. भोक असेल तिथला हुक ताण्याचा धागा उचलणार, नसेल तिथला खाली राहणार. चुकीचं भोक पडलं तर कागदाची चकती खळीने चिकटवून बुजवायचे, सुकेपर्यंत कार्ड बाजूला ठेवायचे आणि त्यावर पेन्सिलीने खूण करायचे, म्हणजे चादर विणताना त्या जागी काही वेगळं दिसलं तर कुठे बघायचं ते कळावं. दुरुस्ती झाली तरी दुरुस्तीची जागा दिसायची. माझ्या तक्त्यात ओळ गेली की मागे काहीच उरत नव्हतं.

तर आता केलेले बदल. दोन्ही एंटर एकच, पुढे. शेवटच्या रिकाम्या ओळीवर एंटर मारला की स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत ‘६ ओळी, ११ गाठी. घ्यायचं?’ असं येतं. गाठींचा आकडा मुद्दाम घातला, कारण दिवाणजींच्या चिठ्ठीच्या तळाला तोच आकडा असतो आणि त्यांची नजर तिथेच असते, दोन्ही ताडून बघायला मान वर केली की पुरते. मधूनच सेव्ह करायचं तर कंट्रोल-ए. डिलीट आता रकान्याच्या आत फक्त अक्षर पुसतं. ओळ काढायला कंट्रोल-डी, आणि काढलेली ओळ फिकट होऊन, वर रेघ मारून तिथेच राहते, बिल सेव्ह होईपर्यंत. परत कंट्रोल-डी मारला की जिवंत. रिकाम्या रकान्यात बॅकस्पेस मारला की मागे.

नम लॉकबाबत बराच विचार केला. आकड्यांच्या रकान्यात आता मी ‘की’ विचारतच नाही, कोड विचारतो. बोट नंबरपॅडच्या ७ वर पडलं तर ७ उमटणार, नम लॉक चालू असो की बंद. चाटी गल्लीतला एक व्यापारी नम लॉक बंद ठेवून तिथले बाण वापरतो हे मला माहीत आहे, त्याला विचारलं. तो ते बाण यादी वर-खाली करायला वापरतो, आकडे भरताना नाही. म्हणून बदल फक्त आकड्यांच्या रकान्यापुरता, बाकी सगळीकडे नम लॉक जसा आहे तसा.

मॅकसाठी मदतीच्या पानावरून बटणांची नावं काढली. आता तिथे ‘मागचं अक्षर पुसा’, ‘ओळ काढा’ असं आहे, आणि ओळीच्या टोकाला माउसने दाबायची फुलीही.

पुढच्या आठवड्यात गाठींवर बारकोडची लेबलं लागणार आहेत. स्कॅनर आणून बघितला, तर तो संगणकाला कीबोर्डच वाटतो आणि प्रत्येक लेबल वाचल्यावर स्वतःच शेवटी एंटर पाठवतो. जुना नियम असता तर तो मधलाच एंटर धरला गेला असता आणि दर गाठीला एक बिल सेव्ह झालं असतं. आता तो नुसता पुढे जातो.

आज दुपारी दिवाणजींनी हैदराबादचंच बिल केलं, नऊ ओळी, चार दरांत पॉइंट, दोन दुरुस्त्या. शेवटी मान वर करून गाठी ताडल्या आणि ‘हो’ म्हणाले. मी वाकून बघितलं तर नम लॉक सकाळपासून बंदच होता.